घर पाहावं चढून

"तिसराच मजला हाय की ओ ताई! या चढून, हवा बघा कसली लागतीय."

एजंट वरच्या कठड्यावरून वाकून हाका मारत होता. मी पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यामधल्या वळणावर, भिंतीला तळहात टेकून उभी. एप्रिलची दुपार. जुळे सोलापुरातली एक इमारत. लिफ्टसाठी सोडलेल्या जागेत दोन सायकली आणि सिमेंटची पोती. मोजून सत्ताविसावी पायरी झाली होती आणि तेवढ्याच अजून बाकी होत्या.

हवा खरोखरच चांगली होती. ओट्यासमोर खिडकी, गॅलरीतून लांबवर दिसणारं माळरान, आणि किंमत आमच्या आवाक्यातली. लिफ्ट नव्हती म्हणूनच ती आवाक्यात आली होती, हे मात्र तेव्हा डोक्यात आलं नाही. त्या रात्री कमरेतून निघालेली कळ डाव्या घोट्यापर्यंत उतरली. दोन दिवस अंथरुणात गेले. दोन दिवसांच्या शिकवण्या बुडाल्या, फिजिओथेरपीच्या दोन फेऱ्या वाढल्या. तिसऱ्या दिवशी वहीत हा सगळा हिशेब मांडला तेव्हा उमगलं, की हा तर घर नुसतं पाहण्याचा खर्च झाला. त्यात राहण्याचा किती आला असता?

'घर पाहावं बांधून' असं जुनी माणसं सांगून गेली, कारण बांधल्याशिवाय त्यातला खर्च कळत नाही. आता शहरात स्वतः बांधणारे थोडे, विकत किंवा भाड्यानं घेणारे फार. त्यातही ज्याची कंबर, गुडघा, मान किंवा मनगट वर्षानुवर्षं दुखतं आहे, त्यानं ही म्हण थोडी बदलून घ्यावी. घर पाहावं चढून. अशा माणसाला घराची किंमत दोन नाण्यांत मोजावी लागते. एक नाणं रुपयाचं आणि दुसरं अंगातल्या ताकदीचं. एकात स्वस्त पडलेलं घर बहुतेक वेळा दुसऱ्यात महाग पडतं. म्हणून दोन्ही हिशेब एकाच वहीत, एकाच पानावर मांडायचे. या प्रकरणात तेवढंच शिकायचं आहे.

भोंगा वाजतच राहतो

दुखण्याच्या बाबतीत मराठीला शब्दांची ददात नाही. कळ येते, चमक निघते, ठणका लागतो, पाठ धरते, मान आखडते, पायाला रग लागते. दुखणं तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलं की डॉक्टर त्याला जुनाट वेदना म्हणतात. ही हद्द वरवर मनमानी वाटते, पण तिच्यामागे कारण आहे. एवढ्या काळात बहुतेक जखमा भरून येतात. तरीही दुखत राहिलं तर शोध दुखऱ्या जागेपुरता ठेवून चालत नाही, मज्जासंस्थेकडेही पाहावं लागतं.

सोलापूरकरांना हे समजावून सांगणं सोपं आहे. १८७७ साली इथे पहिली कापडगिरणी उभी राहिली. तिलाच पुढे 'जुनी मिल' म्हणू लागले. नंतर आणखी गिरण्या आल्या आणि शहराचा दिवस भोंग्यावर उगवू-मावळू लागला. आता कल्पना करा, गिरणी बंद पडली, यंत्रं भंगारात गेली, आवारात गवत माजलं, पण भोंगा काही थांबला नाही. जुनाट वेदनेत बऱ्याचदा असंच होतं. मूळ दुखापत शमलेली असते, पण इशारा देणाऱ्या नसा आणि मेंदू इतके हळवे झालेले असतात, की साध्या हालचालीलाही ते धोका समजतात. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडलं, की वेदनेचा संदेश मेंदूकडे जाताना पाठीच्या कण्यात जणू एक दार असतं आणि ते कमीजास्त उघडतं. चिंता, जागरण आणि भीती या गोष्टींनी ते उघडं राहतं. हालचाल, विश्रांती आणि दिलासा यांनी ते ओढून घेतलं जातं.

याचा अर्थ दुखणं मनाचे खेळ असतात असा नव्हे. भोंगा खराच वाजतो आणि कानठळ्याही खऱ्याच बसतात. पण घर शोधणाऱ्यानं यातून तीन गोष्टी उचलाव्यात.

पहिली, घराची निवड एमआरआयच्या कागदावरून करू नये. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाठदुखी नसलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्या एकत्र पाहिल्या गेल्या. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या होत्या. ऐंशीतल्यांत हे प्रमाण ९६ टक्के होतं, आणि यातल्या कुणालाही दुखत नव्हतं. तेव्हा अहवालात 'झीज' आहे म्हणून घाबरून तळघर शोधू नये आणि अहवाल स्वच्छ आहे म्हणून चौथ्या मजल्यावर चढू नये. आपण किती पायऱ्या चढतो, किती वेळ उभे राहतो, किती वजन उचलतो, हे आपल्या शरीराचे आकडे वहीत हवेत.

दुसरी, जुनाट दुखण्यात बरे दिवस असतात आणि वाईट दिवस असतात. आपण घर पाहायला बऱ्या दिवशी जातो आणि राहायला मात्र दोन्ही दिवशी लागतं. म्हणून पसंत पडलेलं घर दुसऱ्यांदा पाहायचं ते संध्याकाळी, दिवसभराचं काम करून थकल्यावर.

तिसरी, काळजी आणि जागरण दुखण्याला खतपाणी घालतात. त्यामुळे न झेपणारा हप्ता ही नुसती पैशाची अडचण राहत नाही, ती पाठीचीही अडचण होते.

कुंभारीची घरं

दुखरी शरीरं, तुटपुंजी कमाई आणि घराची ओढ या तिन्ही गोष्टी सोलापुरात जितक्या मोठ्या प्रमाणावर एकत्र आल्या, तितक्या फार थोड्या शहरांत आल्या असतील.

पूर्व भागातल्या साखर पेठ, दाजी पेठ, भवानी पेठ या वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या यंत्रमाग आणि विडी यांवर घरं चालली. तेलुगू बोलणारी पद्मशाली कुटुंबं इथे विणकामासाठी आली. पुरुष मागावर आणि बायका विड्यांवर, अशी अनेक घरांतली वाटणी. विड्या वळणारी बाई शहाबादी फरशीवर मांडी घालून बसते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि भिजवून कापलेली तेंदूची पानं. पान उचल, तंबाखू पसर, वळ, दोऱ्यानं बांध, तोंड मोड. दिवसाला हजार विड्या म्हणजे हीच हालचाल हजार वेळा, मान खाली घालून. मजुरीही हजारावर मोजलेली. महिन्याचे २६ दिवस काम झालं तर २६,००० विड्या. मान धरली म्हणून सहा दिवस गेले तर २०,०००. म्हणजे दुखण्याचा खर्च दवाखान्यात सुरू होण्याआधीच सुपात सुरू झालेला असतो. मागावरही असंच. तास न्‌ तास उभं राहायचं, आणि मजुरी विणलेल्या कापडाप्रमाणे.

अशा माणसाला बँक घरासाठी सहसा कर्ज देत नाही, कारण त्याच्याकडे पगाराची पावती नसते. या कोंडीतून वाट काढली ती संघटनेनं. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे नेते आणि सोलापूरचे माजी आमदार नरसय्या आडम, सोलापूरकरांचे 'आडम मास्तर', यांच्या पुढाकारानं विडी कामगार बायकांसाठी शहराबाहेर अक्कलकोट रस्त्यालगत कुंभारी इथे १०,००० घरांची वसाहत उभी राहिली. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिच्या किल्ल्या दिल्या गेल्या. वसाहतीला नाव दिलं ते वारल्यांच्या लढ्यातल्या गोदूताई परुळेकरांचं. त्यानंतर त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांचा 'रे नगर' प्रकल्प आला. त्याची पायाभरणी ९ जानेवारी २०१९ रोजी झाली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्यातली १५,००० घरं कामगारांना दिली गेली. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, फेरीवाले, कागद-काच-पत्रा वेचणारे, वाहनचालक, अशांची ही घरं. हा प्रकल्प पंतप्रधान आवास योजनेच्या भागीदारी प्रकारातला; त्यात घरामागे केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख रुपये मिळतात. उरलेला वाटा कामगाराचा.

रुपयाच्या नाण्यात या घरांना तोड नाही. आयुष्यभर भाड्याच्या खोलीत, दहा बिऱ्हाडांत एक संडास अशा वाड्यात काढलेल्या बाईला आपल्या नावाचं दार मिळणं म्हणजे काय, हे बाहेरच्यानं मोजू नये. पण दुसरं नाणंही तपासायला हवं. कुंभारी शहरापासून लांब आहे. विड्यांसाठी पान-तंबाखू आणायचं आणि वळलेला माल जमा करायचा, तो कारखाना जवळ आहे का? मागाची पाळी संपल्यावर रात्री परत यायला बस मिळते का? दुखणाऱ्या माणसानं घर घेताना भिंती पाहण्याआधी हे अंतर पाहावं. रोज जाऊन-येऊन तासभर रिक्षात किंवा बसमध्ये हादरे खायचे असतील, तर हप्ता कमी असूनही ते घर अंगावर येऊ शकतं.

सोडतीच्या घरांत आणखी एक मेख आहे. तिथे मजला आपण निवडत नाही, तो नशिबानं येतो. पंतप्रधान आवास योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत यावर तोडगा आहे. घरात दिव्यांग किंवा ज्येष्ठ व्यक्ती असेल तर शक्यतो तळमजला किंवा खालचा मजला द्यावा, असं त्यात म्हटलं आहे. पण जुनाट वेदना म्हणजे दिव्यांगत्व नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत नुसती वेदना नाही. दुखण्यानं चालण्या-फिरण्यावर कायमचा परिणाम झाला असेल तर अस्थिव्यंगाच्या प्रकारात तपासणी होऊ शकते आणि बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून पुढे लागू होतात. त्यामुळे ज्यांना शक्यता वाटते त्यांनी अर्ज भरण्याच्या कितीतरी आधी सरकारी रुग्णालयातून तपासणी करून घ्यावी. सोडत निघाल्यावर धावपळ करून उपयोग नसतो. सोलापूर जिल्ह्यातल्या म्हाडाच्या घरांची सोडत पुणे मंडळातर्फे निघते. तिचा अर्ज भरतानाही हीच सवय कामी येते.

पायरी, पाणी, ऊन

घर पाहायला जाताना आपण भिंतीची ओल पाहतो, नळ सोडून पाहतो, देवघराची दिशा विचारतो. दुखणाऱ्या माणसाची यादी थोडी वेगळी असावी.

पायऱ्या मोजाव्यात. एका मजल्याला साधारण १८ धरल्या तर तिसरा मजला ५४ पायऱ्यांवर. दिवसातून तीनदा खाली-वर केलं तर १६२ चढायच्या आणि १६२ उतरायच्या. गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणं जड जातं, हे विसरू नये. पायरीची उंचीही हातानं मोजावी. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे राहत्या घरात ती १९ सेंटिमीटरपेक्षा जास्त असू नये, पण जुन्या वाड्यांत आणि चिंचोळ्या प्लॉटवर बांधलेल्या घरांत ती सर्रास जास्त आढळते. कठडा आहे का आणि तो हातात नीट धरता येतो का, हेही पाहावं. लिफ्ट असेल तर वीज गेल्यावर ती चालते का, हे शेजाऱ्याला विचारावं, एजंटला विचारू नये.

सोलापुरात सगळ्यांत मोठा प्रश्न पाण्याचा. उजनी धरण भरलेलं असलं तरी शहरात नळाला रोज पाणी येत नाही. वर्षानुवर्षं ते काही दिवसांआड येतं, कधी भल्या पहाटे तर कधी रात्री उशिरा. पाण्याच्या दिवशी सगळी गल्ली जागी असते. मोटारींची घरघर, पिंप, घागरी, बादल्या. पंधरा लिटरची बादली म्हणजे पंधरा किलो वजन, आणि तेही एका हाताला, कंबर वाकवून. दहा बादल्या भरल्या म्हणजे दीडशे किलो उचलले. चार दिवस सांभाळलेली पाठ पाचव्या दिवशी पाण्यापायी जाते, हे इथे घरोघरी पाहायला मिळतं. म्हणून घर पाहताना विचारायचे प्रश्न असे: जमिनीखाली हौद आहे का? त्यातून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायला मोटर आहे का? स्वयंपाकघरातल्या नळाला टाकीचं पाणी येतं का, की पिण्याचं पाणी खालून आणावं लागतं? हौद सामाईक असेल तर तो भरण्याची पाळी कुणाची? या चार उत्तरांवर घराची खरी किंमत ठरते. भाड्याच्या घरात मालकाची संमती घेऊन एक छोटी मोटर आणि पन्नास फूट पाइप बसवला तर तो खर्च औषधाच्या खात्यात टाकायला हरकत नाही.

मग ऊन. सोलापूरचा उन्हाळा चाळिशीच्या पार जातो आणि वरच्या मजल्याचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत धगधगत राहतो. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी वेदना सहन करण्याची ताकद घटते. सगळ्यांत वरचा मजला, लिफ्ट नाही आणि म्हणून दर कमी, असं घर दाखवलं तर तिथे थांबावं. पायऱ्यांचा भुर्दंड आणि झोपेचा भुर्दंड, दोन्ही तिथे एकत्र भरावे लागतात.

बाकीच्या गोष्टी घरात शिरल्यावर दोन मिनिटांत कळतात. ओट्यासमोर उभं राहून पोळ्या लाटल्याचा आव आणावा. ओटा कोपरापेक्षा चार-सहा इंच खाली असेल तर पाठ ताठ राहते, फार खाली असेल तर रोज दोन वेळा वाकून उभं राहणं आलं. संडासात कमोड आहे का, नसेल तर बसवता येईल का, शेजारच्या भिंतीत धरायला दांडी लागेल का, हे पाहावं. मोरीत बसून कपडे धुवावे लागतील का, मशीनला जागा आणि नळ आहे का, तेही. फरशी ओली असताना घसरते का, हे चपला काढून पाहावं. हे बदल फारसे महाग नसतात, पण त्यांचे पैसे व्यवहाराच्या दिवशीच बाजूला काढले नाहीत तर पुढे वर्षानुवर्षं होत नाहीत.

वाईट महिन्याचं गणित

बँक हप्ता ठरवते ती आपल्या चांगल्या महिन्याच्या पावत्या पाहून. आपण मात्र तो वाईट महिन्यावर ठरवायचा. गेल्या बारा महिन्यांची कमाई एकाखाली एक लिहावी आणि त्यातल्या सर्वांत पडत्या तीन महिन्यांची सरासरी काढावी. त्या रकमेतून घरखर्च आणि दुखण्याचा खर्च वजा जाता जे उरतं, तेवढाच हप्ता झेपतो. दुखण्याच्या खर्चात गोळ्यांबरोबर रिक्षा, फिजिओथेरपी, कधीमधी एक्स-रे आणि बुडालेली मजुरीही धरावी. मजुरी हजार विड्यांवर असो, मीटरभर कापडावर असो की शिकवणीच्या तासावर, कामाच्या मापानं पैसे मिळणाऱ्याचं दुखणं दोनदा कापतं, एकदा खर्चाच्या बाजूनं आणि एकदा जमेच्या.

विम्यावर इथे फार विसंबता येत नाही. आयुष्मान भारत आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पाच लाखांपर्यंतचे उपचार होतात, पण ते ठरावीक आणि मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घेण्याचे. जुनाट दुखणं बहुधा ओपीडीच्या रांगेतच राहतं. खासगी आरोग्य विमा घेताना आधीपासूनचं दुखणं लपवू नये. त्यासाठीचा प्रतीक्षाकाळ २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला गेला आहे. लपवलं तर ऐनवेळी दावा नाकारला जाण्याची टांगती तलवार राहते.

आता कर्ज. समजा २० लाखांचं कर्ज ८.५ टक्क्यांनी घ्यायचं आहे. १५ वर्षांची मुदत घेतली तर हप्ता साधारण १९,७०० रुपये आणि एकूण व्याज साडेपंधरा लाखांच्या आसपास. २० वर्षांची घेतली तर हप्ता साधारण १७,३५० आणि व्याज साडेएकवीस लाखांच्या वर. सरळ हिशेब सांगतो की लहान मुदत घ्या, सहा लाख वाचतात. निरोगी आणि कायम पगार असलेल्या माणसाला हा सल्ला ठीक आहे. दुखणाऱ्या माणसानं मात्र लांब मुदत घ्यावी आणि ज्या महिन्यात अंग साथ देईल त्या महिन्यात वरचे तेवीसशे-साडेतेवीसशे रुपये मुदलात भरावेत. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर अशा आगाऊ फेडीला दंड लावायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. दर महिन्याला भरता आलं तर हेही कर्ज पंधरा वर्षांतच फिटतं. एखाद्या महिन्यात नाही भरता आलं तरी बँकेचा फोन येत नाही, सिबिल बिघडत नाही आणि रात्रीची झोप टिकते. फक्त एक शिस्त पाळायची. चांगल्या महिन्यातला तो पैसा कपाटात ठेवायचा नाही, कर्जखात्यात टाकायचा.

कर्जाबाहेरची रक्कम अनेकांना ऐनवेळी घाम फोडते. २५ लाखांचं घर धरू. ३० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, म्हणजे अडीच लाख आपले. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क साधारण ६ टक्के, म्हणजे दीड लाख. नोंदणी फी १ टक्का, कमाल ३० हजार, म्हणजे इथे २५ हजार. हे सव्वाचार लाख खिशात असायला हवेत, आणि दलाली, वकील, सामानाचा टेम्पो हे वेगळेच. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात १ टक्क्याची सवलत आहे. या उदाहरणात २५ हजार वाचतात. म्हणजे कमोड, दांडी आणि मोटर यांचा बराचसा खर्च तिथेच निघतो. भारतात पक्कं घर नसलेल्या आणि वर्षाला ९ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या शहरी कुटुंबांना सप्टेंबर २०२४ पासूनच्या पंतप्रधान आवास योजना २.० मध्ये गृहकर्जाच्या व्याजावर १ लाख ८० हजारांपर्यंत अनुदान मिळू शकतं. अटी बँकेत विचाराव्यात.

बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घर घेत असाल तर महारेराचा नोंदणी क्रमांक पाहावा आणि दर चटई क्षेत्रावर लावून घ्यावा. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. "आज टोकन दिलं नाही तर उद्या जाईल" हे वाक्य ऐकू आलं की आजचा दिवस सोडून द्यावा. चणचणीत माणूस हिशेबाला कच्चा पडतो, हे अनुभवानं ठाऊक असतंच. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांची तोडणीआधी आणि तोडणीनंतर बुद्धीची चाचणी घेतली होती. तोच शेतकरी हातात पैसा आल्यावर जास्त गुण मिळवत होता. सोलापूरसारख्या उसाच्या जिल्ह्यात हे कुणाला पटवून द्यावं लागू नये. पैशाची ओढ आणि अंगाचा ठणका दोन्ही एकदम असतील, तर त्या दिवशी सही करायची नाही, एवढा नियम घरात सगळ्यांना सांगून ठेवावा.

अकरा महिने अंगावर घालून

शोधण्याच्या पद्धतीतही अंगाचा विचार हवा. रविवारी सकाळी निघून सहा घरं पाहायची, ही धडधाकट माणसांची रीत. जुनाट दुखण्यात बऱ्या दिवशी सगळं उरकायचं आणि मग चार दिवस पडून राहायचं, या चक्रानंच दुखणं वाढतं. दिवसाला दोन घरं पुरे, आणि मध्ये बसायला जागा. त्याआधी फोनवरच गाळणी लावावी: कितवा मजला, लिफ्ट, हौद, मोटर, कमोड. पाच प्रश्नांत निम्मी घरं गळतात. पायऱ्या आणि गच्ची यांचा व्हिडिओ घरातल्या तरुण माणसाकडून मागवावा. आपण स्वतः जायचं ते शेवटच्या दोन-तीन घरांसाठी.

आणि खरेदीचा निर्णय होत नसेल तर त्याच भागात आधी भाड्यानं राहून पाहावं. ११ महिन्यांचा भाडेकरार, म्हणजे लीव्ह अँड लायसन्स, महाराष्ट्रात नोंदवावा लागतो, आणि ती नोंदणी करून देणं ही कायद्यानं मालकाची जबाबदारी आहे. त्या अकरा महिन्यांत एक उन्हाळा, एक पावसाळा आणि कितीतरी पाण्याचे दिवस येतात. कापड घेताना आपण ते अंगावर धरून पाहतो. घर अंगावर घालून पाहण्याची याहून स्वस्त सोय नाही. "भाड्यात पैसे वाया जातात" असं नातेवाईक म्हणतील. तिसऱ्या मजल्याचं घर घेऊन दोन वर्षांत विकावं लागलं, तर मुद्रांक शुल्क, दलाली आणि सुरुवातीच्या हप्त्यांतलं व्याज किती वाया जातं, तेही त्यांना विचारावं.

आम्ही शेवटी तेच केलं. विजापूर रस्त्याच्या आतल्या एका गल्लीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. हवा तिसऱ्या मजल्याइतकी नाही, खिडकीसमोर शेजाऱ्याची भिंत आहे आणि भाडं आमच्या अंदाजापेक्षा दीड हजारानं जास्त. पहिल्या पाण्याच्या दिवशी पहाटे साडेचारला गल्ली जागी झाली. सवयीनं मीही उठून बसले. मोटर लावली, हौदाचं झाकण उचलून पाणी चढताना पाहिलं आणि परत आत आले. उजाडल्यावर वही उघडली. डाव्या बाजूला दीड हजार जादा लिहिलेले होतेच. उजव्या बाजूला लिहिलं: उचललेल्या बादल्या, शून्य.